गरम पाणी, प्लीज

मी गाव सोडलं त्या सकाळी आईने मला आधीच बजावून ठेवलं होतं, गाडी सुटताना रडायचं नाही. कुडाळच्या अलीकडे आमचं गाव. अंगणात जीप उभी, आमचे हे पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेले, गडग्यापलीकडे शेजारच्या बायका बघायला जमलेल्या. लग्नाला जेमतेम चार महिने झालेले. बहरीन नकाशावर कुठे आहे ते मी शाळेतल्या ॲटलासमध्ये शोधून ठेवलं होतं, पण तो ठिपका इतका बारीक की बोट ठेवलं तर बोटाखाली गडप व्हायचा. आई खिडकीशी आली. म्हणाली, "रडा नको हा गो. मागे रवतत त्यांका जड जाता." मग जरा थांबून म्हणाली, "आणि फोन करशीत तेव्हा बरी आसंय म्हणून सांग. लांबच्या माणसाक दुखणा सांगून काय उपयोग? तो थयसून काय करतलो?"

मी मान हलवली. रडले नाही. गोव्याच्या विमानतळावर बाथरूममध्ये नळ मोठा सोडून काय ते रडून घेतलं आणि तोंड धुऊन बाहेर आले. यांनी विचारलं, "बरी आहेस ना?" मी म्हटलं, "हो, बरी आहे." सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट.

हे मी लिहितेय ते गावात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारखं बॅग भरून निघालेल्यांसाठीही. तुमच्यापैकी कित्येकांनी मला वर्षानुवर्षं विचारलंय, तिकडे तू नक्की करतेस काय? मी दर वेळी सांगितलं, शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेते, मजेत आहे. अर्धं खरं होतं. उरलेलं आज सांगते.

यांची नोकरी सलमाबादला, एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये. आधी मेकॅनिक, मग सुपरवायझर. आम्ही भाड्याने राहिलो ते ईसा टाउनला, कारण आसपास आपली माणसं, शाळेच्या बस दारावरून जायच्या आणि भाजीबाजार चालत जाण्याइतका जवळ. मी बी.ए. बी.एड., इंग्रजी घेऊन. सुरुवातीला एका नर्सरीत लागले, पुढे केतकी झाल्यावर घरीच मुलं घ्यायला लागले. आणि हळूहळू माझं एक नाव झालं. ज्या घरात इंग्रजी नाही त्या घरातलं मूल सुलभा मॅडमकडे सहा महिने ठेवा, शाळेच्या इंटरव्ह्यूला तयार होऊन निघतं. आधी आपल्या कोकणातल्या ड्रायव्हर-वेल्डर लोकांची पोरं आली. मग मल्याळी, मग नेपाळी. आणि तो चिनी मालाचा भलामोठा मॉल उघडल्यावर तिथल्या दुकानदारांची मुलं यायला लागली.

या चिनी लोकांची एक रीत आहे, ती ऐकून मी आधी चाट पडले. बायको-नवरा दोघंही दुकानात उभे. सकाळी दहा ते रात्री दहा, आठवड्याचे सातही दिवस. मूल झालं की सहा महिन्यांचं असतानाच गावी आजीकडे पाठवून देतात. शाळेचं वय झालं की परत आणतात. म्हणजे पाच-सहा वर्षांचं पोर विमानातून उतरतं आणि त्याला सांगतात, ही तुझी आई. मी नाक मुरडलं होतं तेव्हा. असे कसे हे लोक, म्हटलं. आपल्याकडे बोर्डिंगला पोरं टाकणारे काय कमी आहेत, पण दुसऱ्याचं ते आपल्याला लगेच दिसतं.

मी काय शिकवायचे ते सांगते. ए-बी-सी-डी तर कोणीही शिकवतं. मी शाळेत कसं वागायचं ते शिकवायचे. रांगेत कसं उभं राहायचं. टीचरच्या डोळ्यांत बघून बोलायचं, जमिनीकडे बघायचं नाही. हात वर केल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. खाताना तोंडाचा आवाज नको. रमझानमध्ये इतरांसमोर डबा उघडायचा नाही. बाथरूमला जायचं तर "मे आय गो टु द टॉयलेट, प्लीज?" हे पूर्ण वाक्य, अर्धं चालणार नाही. आणि सगळ्यात आधी, दारातून आत पाऊल टाकलं की, "हाउ आर यू?" "आय ॲम फाइन, थँक यू." न अडखळता म्हटलं की वहीवर सोनेरी स्टार. बाब अल बहरीनच्या बाजारातून मी त्या स्टारचे गठ्ठेच्या गठ्ठे आणायचे. आमची केतकीही याच तालमीतून गेली. आता ती आयर्लंडला नोकरी करते, मी मराठीत विचारते, ती "ऑल गुड, आई" म्हणते आणि फोन ठेवते. तिला शिकवणारी मीच, तक्रार कोणाकडे करू?

तर शिन-यी. सहा वर्षांची. तिची आई लान पडदे आणि दिवे विकते. त्या मॉलमध्ये मी एकदा पडदे घ्यायला गेले होते, तिथली ओळख. लानला इंग्रजी येत नाही, अरबी दुकानापुरती येते, बाकी सगळं फोनमधल्या भाषांतराच्या ॲपवर. ती चिनीत बोलायची, मग फोनमधली बाई तेच इंग्रजीत बोलायची, रेल्वेची घोषणा करावी तसं. कुठेही अडलं की लान हसून "मफी मुश्किल" म्हणायची, काही अडचण नाही.

पहिल्या दिवशी मात्र ती हसली नाही. तिने फोन टेबलावर ठेवला आणि बराच वेळ बोलली. फोनने सांगितलं ते असं. एका खासगी इंग्रजी शाळेने मुलीला पहिली टर्म बघू म्हणून घ्यायचं कबूल केलंय. टर्म संपेपर्यंत तिला जमलं तर ठेवतील, नाही जमलं तर पुढच्या वर्षी या म्हणतील. आणि नाही ठेवलं तर दिवसभर घरी तिला बघायला कोणी नाही, तिला परत आजीकडे पाठवावं लागेल. "पाच वर्षं ती माझ्याजवळ नव्हती," फोनमधली बाई म्हणाली. "आता ती गेली तर मी तिला पुन्हा आणू शकणार नाही. मोठी झाल्यावर ती येणार नाही. तुम्ही तिला तयार करा."

मुलगी बाजूला उभी होती. आईचा हात धरलेला नव्हता, आईच्या कुर्त्याचं टोक दोन बोटांत धरलेलं, बसमध्ये अनोळखी माणसाशेजारी बसावं तसं अंतर ठेवून. गळ्यात गुलाबी थर्मास. मी लानला म्हटलं, काळजी करू नका, सहा महिन्यांत पोपटासारखी बोलेल. छाती फुगवून म्हटलं मी.

त्या थर्मासमध्ये गरम पाणी असायचं. हे लोक गार पाणी पीतच नाहीत, तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत गरम. बहरीनच्या मे महिन्यात, बाहेर डांबर वितळतंय, आणि ही चिमुरडी बसून वाफाळतं पाणी फुंकून फुंकून पितेय! मला हसूही यायचं आणि धसकाही वाटायचा. शाळेत काचेचा थर्मास चालत नाही, प्लॅस्टिकची बाटली लागते. शिवाय पोरं चिडवतील. म्हणून दुसऱ्याच आठवड्यात मी तो थर्मास वरच्या फळीवर ठेवून दिला आणि कूलरचं पाणी तिच्यापुढे ठेवलं. ती रडली नाही. दोन दिवस अजिबात पाणी प्यायली नाही. तिसऱ्या दिवशी डोळे मिटून प्यायली. मी स्टार दिला. लानला सांगितलं, घरीही हीच सवय लावा, शाळेत गरम पाणी कोण देणार आहे? लान म्हणाली, मफी मुश्किल.

आणि खरंच, पोर भलतीच हुशार निघाली. चार महिन्यांत वाक्यं पूर्ण. "प्लीज" कधी विसरली नाही. शाळा सुरू झाली, टीचरने पहिल्याच महिन्यात लानला लिहून कळवलं, व्हेरी पोलाइट चाइल्ड. ते पत्र लानने मला आणून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण कुठल्या ओळीवर बोट ठेवायचं ते पाठ केलेलं. शाळा सुटली की बस तिला माझ्याकडे सोडायची, संध्याकाळी लानचा नवरा येऊन न्यायचा. टर्म संपायला तीन आठवडे राहिले होते. मी मनात हिशेब केला, झालं आता, ठेवतात तिला.

त्या सोमवारी बस आली तेव्हा ड्रायव्हर महाडिकभाऊ खाली उतरले. चिपळूणकडचे, एरवी खिडकीतूनच हात करतात. म्हणाले, "मॅडम, तुमची ती चायनीज पोर आज वाकून चालतेय बघा. पोटाबिटात काय गेलंय काय?" मी म्हटलं, "काही नाही हो, शाळेचा कंटाळा. शाळेच्या दिवसांत सगळ्यांची पोटं दुखतात." तेही हसले, मीही हसले.

शिन-यी आत आली. मी विचारलं, "हाउ आर यू, शिन-यी?" ती ताठ उभी राहिली. डोळ्यांत बघून म्हणाली, "आय ॲम फाइन, थँक यू." चेहरा पांढरा होता, पण ती मुळातच गोरी. बसली. पाच मिनिटांनी तिने हात वर केला. मी म्हटलं, "येस?" ती म्हणाली, "हॉट वॉटर, प्लीज, टीचर."

 मी काय केलं सांगू? मी खूश झाले. हात वर केला, प्लीज म्हणाली, टीचर म्हणाली, काय हवं होतं आणखी! मी म्हटलं, "व्हेरी गुड आस्किंग. बट नो हॉट वॉटर, वुई प्रॅक्टिस फॉर स्कूल." आणि कूलरचा पेला तिच्यापुढे ठेवला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, प्यायली नाही. थोड्या वेळाने पुन्हा हात वर. "हॉट वॉटर, प्लीज." मी जरा आवाज चढवला. तिसऱ्यांदा तिने मागितलं नाही. जाताना मी तिच्या वहीवर स्टार लावला. त्यावर तिने बोट फिरवलं आणि थँक यू म्हणाली.

मंगळवारीही ती शाळेत गेली. तिथे ती सकाळपासून पाच वेळा बाथरूमला गेली, दर वेळी हात वर करून, पूर्ण वाक्य बोलून परवानगी घेऊन. आत जाऊन उलट्या करत होती ते नंतर कळलं. नर्सने विचारलं, "आर यू ओके?" ती म्हणाली, "येस, मिस." दुपारच्या सुट्टीत ती मैदानात खाली बसली ती उठलीच नाही.

अपेंडिक्स फुटलं होतं. पू पोटभर पसरला होता. दोन ऑपरेशनं झाली, पहिल्याच्या चौथ्या दिवशी दुसरं. तीन दिवस डॉक्टर काहीच धड सांगत नव्हते, इंशाल्ला म्हणायचे आणि पुढे जायचे. इंशाल्ला ऐकून इतकी वर्षं मला कधी भीती वाटली नव्हती.

मी रोज जायचे. पाचव्या दिवशी तिने डोळे उघडे ठेवले होते. पाणी द्यायची परवानगी नव्हती. लानने आपला थर्मास उघडला, कापसाचा बोळा गरम पाण्यात भिजवून पिळला आणि मुलीच्या ओठांवरून फिरवायला लागली. एका हाताने ते करता करता दुसऱ्या हातातल्या फोनमध्ये बोलली. फोनमधली बाई म्हणाली, "आमच्या घरी पोट दुखलं की गरम पाणी. ताप आला की गरम पाणी. तिची आजी दुसरं औषध मानत नाही. हिला दुखलं तर ही दुखतंय म्हणत नाही, गरम पाणी मागते. सोमवारी मी घरी पोचले तेव्हा ती झोपली होती." मग फोन जरा थांबला आणि म्हणाला, "तुमच्याकडे तिने गरम पाणी मागितलं होतं का?"

मी म्हटलं, "नो."

इंग्रजीतलं सगळ्यात सोपं उत्तर. माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येक पोराला मी सांगत आले, खोटं बोलायचं नाही. आणि मी त्या पलंगाशी उभी राहून, त्या पोरीसमोर, "नो" म्हटलं. शिन-यीने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं की नाही, देव जाणे. लानने मान हलवली आणि बोळा पुन्हा भिजवला.

घरी येऊन मी जेवले नाही. यांनी विचारलं तर म्हटलं, काही नाही, बरी आहे. आणि मग मला आई आठवली. तुम्हा गावातल्यांना माहीत आहे ती कशी गेली, पण मला त्यातलं काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं हे तुम्हाला कुठे माहीत आहे? दर शुक्रवारी माझा फोन असायचा. दर शुक्रवारी ती म्हणायची, बरी आसंय. कावीळ झाली, पोटात गाठ सापडली, गोव्याला नेऊन आणली, सगळं तुम्ही तिच्या शपथेपोटी माझ्यापासून लपवलंत. त्याबद्दल मी तुमच्यावर फार चिडले होते. वर्षभर मी भावाशी धड बोलले नाही. पण एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. त्या उन्हाळ्यात दोन शुक्रवार लागोपाठ आईने मला विचारलं होतं, "मे महिन्यात येशीत मा गो?" ज्या बाईने इतक्या वर्षांत एकदाही ये म्हटलं नाही, कारण माझ्यावर ओझं नको, तिने दोनदा विचारलं. आणि मी म्हटलं, यांची लीव्ह जुलैतच आहे, तेव्हा येते की. ती म्हणाली, बरा, बरा. जूनमध्ये ती गेली. मी तेराव्याला पोचले.

म्हणजे तिनेही सांगितलं होतंच. तिच्या पद्धतीने.

आमच्याकडे पेज सकाळची. रात्री कोणी भात-आमटी सोडून पेज मागितली की आई वाढायचं थांबवून आधी त्याच्या कपाळाला हात लावायची. एखाद्या मालवणी पोराने संध्याकाळी माझ्याकडे पेज मागितली असती तर मी हातातलं पुस्तक टाकून ताप बघितला असता. शिन-यीची पेज म्हणजे ते पाणी होतं, आणि ते मागायची सवय मीच मोडून काढली होती, शाळेची तयारी म्हणून. जिभेवरचा एक शब्द काढून घेतला आणि त्याच्या जागी थँक यू बसवून दिलं.

पोर वाचली. एवढी कृपा. पण घरी आली ती काठीसारखी होऊन, आणि तिचं बोलणं गेलं. इंग्रजी तर नाहीच, आईशी चिनीही नाही. फक्त व्हिडिओ कॉलवर आजीशी बोलायची, तिला ती आमा म्हणते, आणि तेही गावच्या बोलीत, हळू आवाजात. टर्म संपली होती. शाळेची माणसं वाईट नव्हती, भेटायलाही आली होती. पण मुलगी बोलत नाही, खाडे फार झालेत, म्हणाले, तब्येत सुधारू दे, पुढच्या वर्षी बघू. दुकान तर बंद ठेवता येत नव्हतं. लानच्या एका नातेवाइकाबरोबर शिन-यी परत गेली. म्हणजे ज्यासाठी सगळं केलं तेच झालं नाही. मी विमानतळावर गेले नाही. मला कोणी बोलावलं नव्हतं, आणि बोलावलं असतं तरी गेले नसते.

आठवडाभराने लान माझ्या दारात उभी. हातात संत्र्यांची पेटी. मला वाटलं, आता ही माझ्या तोंडावर फेकेल. खरं तर बरंच वाटलं असतं. तिने पेटी दोन्ही हातांनी पुढे केली, वाकली, आणि फोनमधली बाई म्हणाली, "तुम्ही तिला चांगलं शिकवलं. ऑपरेशन झाल्यावर तिने डॉक्टरांनाही थँक यू म्हटलं."

मग मात्र मला राहवलं नाही. मी तिचा फोन हातात घेतला आणि इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलले. तिने सोमवारी गरम पाणी मागितलं होतं. दोनदा मागितलं होतं. मी दिलं नाही. हॉस्पिटलमध्ये मी तुमच्याशी खोटं बोलले.

चिनी अक्षरं पडद्यावर उमटली. लानने वाचली. पुन्हा वाचली. मी वाट बघत होते की ती किंचाळेल, काहीतरी करेल. तिने फोन पर्समध्ये टाकला, चपला घातल्या आणि जिना उतरून गेली. मफी मुश्किल म्हणाली नाही. संत्री मी कोणाला दिली नाहीत आणि खाल्लीही नाहीत. ती तशीच सुकली.

त्यानंतर मी शिकवण्या बंद करणार होते. यांनी समजावलं, लोकांना गरज आहे, तू नाही तर दुसरी कोणी हेच शिकवेल, आणि तिला तर एवढंही कळलेलं नसेल. रागाने म्हणाले ते, पण बरोबर म्हणाले. आता नवीन मूल आलं की मी पहिल्या दिवशी इंग्रजी काढतच नाही. आईला समोर बसवते आणि विचारते, तुमच्या घरी याला दुखलं-खुपलं तर हे काय करतं? काय मागतं? कोणाच्या मांडीत शिरतं? आया गोंधळतात. एका कोल्हापूरच्या आईला दहा मिनिटं आठवेना, मग म्हणाली, "आमचा दार लावून बसतोय की." ते मी वहीत लिहून ठेवते. घरची बोली बंद करा असं आता मी कोणाला सांगत नाही. पूर्वी सांगायचे, हेही तुम्हाला कबूल करते.

तीन महिन्यांनी, एका शुक्रवारी दुपारी, लान परत आली. केस कापलेले, आणखी बारीक झालेली. आत येऊन ती मुलांच्या छोट्या खुर्चीवर बसली, माझ्याकडे न बघता फोन लावला आणि टेबलावर डब्याला टेकवून उभा केला. ॲप नव्हतं, व्हिडिओ कॉल होता. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, स्वतःच्या तोंडाने म्हणाली, "यू टेल. टेल हर."

पडद्यावर शिन-यी होती. गाल भरलेले. मागे कौलारू ओसरी, तारेवर सुकत घातलेले मासे, थेट आमच्या गावचे वाटावेत असे. मला बघताच तिची पाठ ताठ झाली. तिने तोंड उघडायच्या आधी मी हात वर केला. वर्गात तिने करायचा तसा, माझा हात वर. ती हाताकडे बघत राहिली.

सॉरी म्हणायला मी धजले नाही. तो शब्दही मीच तिला शिकवलेला, पेन्सिल पडली की म्हणायचा. इंग्रजी बाजूला ठेवलं आणि जी भाषा तोंडात आली ती बोलले. "बाय माजे, तू माका सांगितलंस. दोनदा सांगितलंस. माका कळूक नाय. माज्या आवशीचा दुखणा माका कळूक नाय, आणि तुजा पण नाय." आणि मग, गावच्या अंगणात जे अडवलं होतं ते सगळं बाहेर पडलं. त्या छोट्या टेबलावर डोकं टेकून मी रडले. लान हलली नाही.

शिन-यी पडद्याच्या अगदी जवळ आली, तिचा एक डोळा आणि नाकच दिसत होतं. बराच वेळ तिने मला निरखलं. मग मागे वळून, मोठ्या खणखणीत आवाजात, तिने आजीला हाक मारून काहीतरी सांगितलं. इतका मोठा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "टीचर" हा एक शब्द कळला, आणि शेवटचा एक शब्द, "थ्यां".

मी लानकडे बघितलं. लानचे डोळे भरलेले. ती माझी उजवी बाजू, पोट, छाती, डोकं असं बोटाने दाखवत शब्द शोधत होती. शेवटी म्हणाली, "शी से... टीचर पेन. टीचर हॅव पेन."

आता तुम्ही विचाराल, तुझं घर कुठे? गावचं घर भावाने कुलूप लावून ठेवलंय, ईसा टाउनचा फ्लॅट व्हिसा आहे तोवर आमचा. दोन्हीकडे मी सव्वीस वर्षं बरी होते. त्या शुक्रवारी एका पोरीने माझं दुखणं माझ्या तोंडून न ऐकता ओळखलं आणि हाक मारून घरातल्या मोठ्या माणसाला सांगितलं. माझ्यापुरतं घर म्हणजे आता तेवढंच. ते मी तिला देऊ शकले नाही, तिने मला दिलं, आणि हे मला मरेपर्यंत पचणार नाही.

ओसरीवरून तिची आमा हात पुसत आली, नातीला बाजूला करून पडद्यात वाकली आणि माझ्यावर ओरडायलाच लागली. कपाळाला आठ्या, एकामागून एक प्रश्न, आणि दर प्रश्नाला हात स्वतःच्या पोटावर, नाहीतर कपाळावर. लानने भाषांतर केलं नाही. मी नाक पुसलं, खुर्ची पुढे ओढली आणि मला कुठे कुठे दुखतं ते म्हातारीला मालवणीत सांगायला लागले.